दाराकडचा कोपरा

मी एक स्टूल बोलतोय. खुर्ची नव्हे, बाक नव्हे, स्टूल. पाठ नाही, हात नाहीत. चार पाय आणि वर एक फळी, एवढाच माझा पसारा. खुर्चीसाठी माणसं एकमेकांची डोकी फोडतात असं ऐकून आहे. स्टुलासाठी कुणी आवाजसुद्धा चढवल्याचं माझ्या ऐकिवात नाही. तरीही गेली अठरा वर्षं माझ्यावर व्याख्यानं होताहेत, आणि हे भाग्य एकाही खुर्चीच्या वाट्याला आलेलं नाही.

माझी तक्रार इतकीच, की या अठरा वर्षांत मला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होतो म्हणा. मला तोंड कुठे आहे? पण आज तुम्ही बसलाच आहात समोर, तर ऐकून घ्या.

माझा जन्म एका जुन्या गोदामात झाला. तिथे एका बॉक्सिंगच्या चित्रपटाचं चित्रीकरण चाललं होतं. गोष्ट साधी होती. उतरत्या वयाचा एक बॉक्सर, त्याला शिकवणारा त्याचा थोरला भाऊ, आणि शेवटची एक लढत. हा बॉक्सर महाहट्टी. पडला तर कुणाचा हात धरून उठणार नाही, दुखलं तर सांगणार नाही, आणि हसायचं तर नावच नको. लढतीत दर फेरीनंतर त्याला मिनिटभर टेकायला कोपऱ्यात काहीतरी लागणार, म्हणून मी.

मला घडवलं सेटवरच्या सुताराने. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. बोलायला कमी, मापाला पक्का. कानावर पेन्सिल, आणि ती कानावरच आहे ना हे दर पाच मिनिटांनी चाचपून बघायची सवय.

त्या गोदामाची जमीन दाराकडे उतरती होती. धुतलेलं पाणी आपसूक बाहेर जावं म्हणून कुणीतरी शहाण्याने तशी केलेली. त्या जमिनीवर उभारलेलं बॉक्सिंगचं रिंगणही मग दाराकडे उतरतं झालं. ही गोष्ट तिथल्या शंभर माणसांपैकी एकट्या मिस्त्रीच्या लक्षात आली. त्याने नायकाला बसायचा कोपरा विचारून घेतला. दाराकडचा, असं त्याला सांगितलं. त्याने त्या कोपऱ्यात पट्टी धरली, पाण्याची नळी ठेवून उतार मोजला आणि माझे दाराकडचे दोन पाय बोटभर लांब ठेवले, आतले दोन बोटभर आखूड. मग मला उलटं करून फळीच्या पोटाला पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या आणि कोपऱ्यात नेऊन ठेवलं. मी असा सपाट उभा राहिलो, की माझ्यावर काठोकाठ भरलेला पेला ठेवला असता तरी थेंब सांडला नसता.

तीन दिवस माझं उत्तम चाललं. नायक येऊन बसायचा, थोरला भाऊ त्याच्या तोंडावर पाणी मारायचा, तो उठून जायचा. नायकाचं काम करणारा नट हाही पडद्यावरच्या बॉक्सरसारखाच तापट होता. चहा गार आला म्हणून त्याने एकदा कपबशी भिंतीवर मारली होती. त्यामुळे तो आला की सेटवर लोक श्वाससुद्धा परवानगी घेऊन घेत. मिस्त्री तर त्याच्या वाऱ्यालाही उभा राहत नसे.

चौथ्या दिवशी कॅमेरामनला समोरच्या कोपऱ्यामागची खिडकी आवडली. तिच्यातून ऊन छान येतंय म्हणाला. झालं. नायकाचा कोपरा बदलला. रिंगणाच्या खांबांवरच्या लाल गाद्या तिकडे, निळ्या इकडे, आणि मला उचलून खिडकीच्या कोपऱ्यात नेऊन टाकलं. सेटवर काही बदललं की ते सगळ्यांना सांगतात. ज्याच्या कामाशी त्याचा संबंध असतो तेवढा एक माणूस विसरतात. मिस्त्री त्या वेळी मागच्या बाजूला जिन्याची पायरी ठोकत होता. त्याला कुणी सांगितलं नाही.

आता तुम्हीच हिशेब करा. दाराकडच्या उताराला बरोबर असलेला मी, समोरच्या कोपऱ्यात पाठ फिरवून उभा. जमीन पुढे उतरती, माझे पुढचे पाय आखूड. उतार दुप्पट झाला. मी स्टूल राहिलो नाही, घसरगुंडी झालो. वरून नायकाला रेशमी चड्डी, आणि घाम दिसावा म्हणून अंगभर ग्लिसरीन चोपडलेलं. मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो, पण लाकूड ओरडलं की माणसांना फक्त कर्रर्र ऐकू येतं.

नायक झोकात येऊन बसला आणि बसल्या बसल्या सुळकन पुढे जाऊन भुईवर आदळला.

शंभर माणसं एकदम हसली. नायकाचं तोंड लाल झालं, जबडा आवळला गेला. आता हा कुणाचा तरी जीव घेणार, हे मला दिसत होतं. त्याच वेळी मिस्त्री जिना सोडून धावत आला. त्याच्या डोळ्यांवर दिव्यांचा झोत, समोर माणसांच्या पाठी; त्याला दिसलं ते एवढंच, की आपलं स्टूल कलंडलंय आणि नट जमिनीवर पडलाय. तो पांढराफटक पडला. दोरांच्या पलीकडे तो हात पुढे करून तसाच उभा राहिला.

नायकाने मान वर केली. त्याला मिस्त्रीचं ते तोंड दिसलं. आणि काय झालं कुणास ठाऊक, त्याचा जबडा सैल पडला. तो हसला. घाबरलेल्या पोराला बघून आपण हसतो ना, असू दे असू दे म्हणत, तसं. मग जमिनीला हात टेकून स्वतःच उठला आणि न बसताच लढायला निघून गेला.

मिस्त्रीने ते हसू पाहिलंच नाही. नायक मान वर करतोय एवढं दिसताच त्याने काढता पाय घेतला होता. दृश्य संपताच कोपऱ्यात परतून नायकाने मागून हाक दिली, "तो सुतार कुठाय? बोलवा त्याला." ते ऐकून मिस्त्रीने हत्यारांची पेटी उचलली आणि चालण्याचं पळणं केलं. नायकाला त्याचा हात हातात घ्यायचा होता. मी त्याच्यापासून दोन हातांच्या अंतरावर होतो, त्याने पुढे केलेला हात मला दिसला. मिस्त्री फाटकाबाहेर पडला तो परत कधी आला नाही.

चित्रपट फारसा चालला नाही. दिग्दर्शकाने मला घरी नेलं आणि माझ्यावर फुलझाडाची कुंडी ठेवली. ती तीनदा घसरून फुटली. मग दिग्दर्शकाच्या बायकोने, घरात एक तर हे स्टूल राहील नाहीतर कुंड्या, असं सांगितलं आणि मी चित्रपट शिकवणाऱ्या एका संस्थेच्या वर्गात येऊन पडलो. दिग्दर्शक पुढे वारले. विचारायला कुणी उरलं नाही की अर्थ लावणाऱ्यांचं फावतं.

इथे मला सर भेटले. सर या चित्रपटाचे वेडे आहेत. त्यांनी तो किती वेळा पाहिला असेल याची मोजदाद नाही, आणि पडण्याचं ते दृश्य तर ते अडीच महिने शिकवतात. पडदा माझ्या शेजारीच आहे. सर एकेक चित्र थांबवतात, छडी लावतात आणि बोलतात.

कॅमेरा जमिनीलगत का? नायक कोसळूनही आपल्याला डोंगराएवढा दिसावा म्हणून. मला आठवतं, कॅमेरामनची त्या सकाळी कंबर धरली होती आणि तो गादीवर आडवा पडूनच काम करत होता. पडताना आवाज एकदम का जातो? माणसाच्या आतली शांतता ऐकू यावी म्हणून. वास्तविक सगळे खो खो हसले होते, त्यामुळे तो आवाज टाकून द्यावा लागला. दृश्य मध्येच का तुटतं? काळ थांबला म्हणून. काळ कसला थांबतोय, फिल्म संपली होती. आणि स्टूल का कलतं? इथे सर माझ्या डोक्यावर हात ठेवतात. "हे स्टूल म्हणजे त्याचा अहंकार." इतकी वर्षं मी कुणाचा तरी अहंकार म्हणून उभा आहे. अंगावर ना रंग, ना पॉलिश, पण मान बघा.

एका प्रश्नावर मात्र सर अडतात. पडलेला नायक हसतो तेव्हा तो कुणाकडे बघून हसतो? आख्ख्या चित्रपटात हा माणूस एकदाच हसतो आणि ते कुणासाठी, हे चित्रात दिसत नाही. पहिल्या वर्षी सर म्हणाले, मेलेल्या वडिलांकडे. पुढे नियतीकडे झालं. एका वर्षी ते स्वतःकडे होतं, पण तेव्हा सरांची तब्येत बरी नव्हती.

मी हसतो त्यांना, पण सरांचा मला राग येत नाही. मला इतकं निरखून दुसऱ्या कुणी बघितलेलं नाही. सगळ्या बाजूंनी बघितलं त्यांनी. फक्त उलटं करून बघितलं नाही.

तर गेल्या महिन्यात काय झालं, सर अहंकार समजावून सांगताना रंगात आले आणि माझ्यावर बसले. मी काय करणार? इथली फरशी सपाट, म्हणजे माझा उतार निदान निम्मा. तरी सर घसरलेच. विद्यार्थी हसले आणि सरांच्या माकडहाडाला मार बसला. वर्गाच्या शिपायांना सगळी मुलं मामा म्हणतात. ते मामा त्याच दिवशी म्हणाले, की अहंकार असो नाहीतर काही असो, आता सुतार आणतो आणि याचे पाय सारखे करून घेतो. सर कण्हत कण्हत हो म्हणाले.

मला घाम फुटला. पाय सारखे केले की मी कोण? कुठल्याही पोस्टातलं, कुठल्याही दवाखान्यातलं एक स्टूल. आणि माझ्या पोटावरच्या त्या दोन ओळी? सुतार रंधा फिरवणार, बुकणी झाडून टाकणार, संपलं.

सुतार आला तेव्हा तास चालू होता. मामांनी त्याला मागच्या बाकावर बसवलं, पाच मिनिटं थांबा म्हणाले. केस पिकलेले, पाठ थोडी वाकलेली. मी ओळखलं नसतं. पण त्याने हात वर नेऊन कानावरची पेन्सिल चाचपली.

बावीस वर्षांनी माझा जन्मदाता माझ्यासमोर बसला होता, आणि आला होता माझे पाय कापायला.

त्याने मला पाहिलं. मग पडद्यावर पाहिलं. तिथे नायक नेमका माझ्याकडे चालत येत होता. मिस्त्री अर्धवट उठला, पेटीला हात घातला. पुन्हा पळणार, मी ओळखलं. पण दारात मामा चहाचा ट्रे घेऊन आडवे उभे होते, म्हणून तो खाली बसला आणि त्याने डोळे मिटून घेतले. डोळे मिटले तरी कान उघडे होते.

सर सांगत होते, की नायक खाली आहे आणि त्याच्यामागे, वर, ही खिडकी. दिग्दर्शकाने नायकाच्या आयुष्यात उजेड ठेवलाय, फक्त त्याची त्याकडे पाठ आहे. या खिडकीवर परीक्षेला दहा गुणांचा प्रश्न येतो. सर खिडकीबद्दल बोलायला लागले की थांबत नाहीत. ते बोलत राहिले आणि मिस्त्रीने हळूहळू डोळे उघडले.

सरांनी वर्गाला विचारलं, तो का पडतो? एक मुलगा म्हणाला, आयुष्याला कंटाळून. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, त्याला पडायचंच होतं, तो स्वतःला शिक्षा करतोय. सर खूश झाले. मागून आवाज आला.

"खिडकी कुठून आली तिथे?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. मिस्त्री उभा होता. सर मऊपणाने म्हणाले, की खिडकी हे प्रतीक आहे.

"असेल. पण त्या कोपऱ्यामागे दार होतं. मी तिथे उतार मोजलाय. ते स्टूल मी केलंय."

मग मिस्त्री बोलायला लागला आणि थांबेना. सांगितलं की माप चुकलं आपलं. माणूस पडला, शंभर लोक हसले, एवढ्या मोठ्या नटाची शोभा झाली. त्यानंतर सिनेमाचं काम सोडलं. हा चित्रपट पाहिला नाही, घरात कुणाला पाहू दिला नाही. दारं केली, कपाटं केली, शाळांचे बाक केले, पण बावीस वर्षांत एक स्टूल केलं नाही. कुणी मागितलं तर लाकूड नाही म्हणून सांगतो. बायको म्हणते, घरात बल्ब बदलायचा तर पलंगावर खुर्ची ठेवून चढावं लागतं. आजही मामांनी नुसतं फर्निचरचं काम आहे एवढंच सांगितलं, म्हणून आलो.

सर पडले त्यापेक्षा जास्त त्यांना हे लागलं. ते म्हणाले, चूक असं काही नसतं, दिग्दर्शकाने हे मुद्दामच केलंय. मिस्त्री म्हणाला, साहेब, दिग्दर्शक त्या वेळी डबा खात होते. पहिल्या बाकावरच्या मुलीने वहीत काहीतरी खोडलं.

"जरा मागे घ्याल का?" मिस्त्रीने विचारलं.

सरांनी चित्र मागे घेतलं. मिस्त्री पडद्याजवळ आला. माणसं चेहरे बघतात. त्याने नायकाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो माझ्या पायांमागे बघत होता, रिंगणाच्या खांबामागे. दार कुठेच नव्हतं. दहा गुणांची ती खिडकी होती, तिच्यातून ऊन आत आलं होतं. मग तो माझ्याकडे वळला, दोन्ही हातांनी उचललं आणि मला उलटं केलं.

काय सांगू, मला गुदगुल्या झाल्या.

पेन्सिल पुसट झाली होती. त्याने खिशातून चष्मा काढला. त्याला वाचता येईना, का डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मला उलटं असल्यामुळे नीट दिसलं नाही. शेवटी सरांनीच वाकून वाचलं. आवाज वर्गात शिकवताना असतो तसा नव्हता.

"दाराकडचा कोपरा. लांब पाय दाराकडे."

मिस्त्री तसाच मला पोटाशी धरून उभा. मग म्हणाला, "म्हणजे माप बरोबर होतं."

"माप बरोबर होतं," सर म्हणाले. अठरा वर्षं ते माझ्याबद्दल बोलले, पण मला आवडलेलं हे त्यांचं पहिलं वाक्य.

पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. ती म्हणाली, चूक कोपऱ्याची असेल, पण ती ठेवायची का कापायची हे तर दिग्दर्शकाने ठरवलं ना, सर? सरांनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिला त्या सत्रात नापास करणं आता कुणाच्या हातात राहिलं नाही. बरोबरच बोलली पोरगी. मी एवढे दिवस सगळ्याला हसत आलो, पण फिल्म संपली म्हणून तुटलेलं दृश्य त्या माणसाने फेकून दिलं नाही, हे खरंच आहे.

सरांनी चित्र पुढे जाऊ दिलं. नायक पडला. आवाज गेला. त्याने मान वर केली, जबडा आवळलेला. आणि मग तो हसला.

मिस्त्रीने हे कधी पाहिलं नव्हतं. सरांनी चित्र थांबवलं आणि, एवढी वर्षं जो प्रश्न ते मुलांना विचारत, तो पहिल्यांदा स्वतःला उत्तर माहीत नसल्यासारखा विचारला. "मिस्त्री, तो कुणाकडे बघतोय?"

मिस्त्रीने पडद्याकडे पाहिलं. नायक बरोबर त्याच्याकडे बघून हसत होता.

"माझ्याकडे," तो म्हणाला. "मी समजलो, हा आता मारणार."

मामांनी ट्रे खाली ठेवला आणि पहिला कप मिस्त्रीच्या हातात दिला. मिस्त्रीने मला सुलटं केलं आणि माझ्यावर बसला. माझ्या आयुष्यात माझा कर्ता माझ्यावर पहिल्यांदाच बसला होता. तो घसरला नाही. कसं बसायचं ते त्याला ठाऊक होतं. टाचा रोवून, वजन मागे.

मामांनी मग कामाची आठवण केली, पाय सारखे करायचेत ना? सर म्हणाले, हात लावायचा नाही. मामा म्हणाले, मग पुढच्या वेळी तुम्हाला दवाखान्यात मी नेणार नाही. दोघांची जुंपायची वेळ आली तेव्हा मिस्त्री मध्ये पडला.

"दुरुस्त करायला ते बिघडलंय कुठे?"

त्याने पेटी उघडली, दोन लाकडी चकत्या कापल्या आणि दोऱ्याने माझ्या आखूड पायांना बांधून दिल्या. बसायचं असेल तेव्हा पायांखाली सरकवायच्या, शिकवायचं असेल तेव्हा काढायच्या. सरांनी त्याला माझ्या पोटावर सही करायला सांगितलं. त्याने कानावरची पेन्सिल काढली, थोडा विचार केला आणि जुन्या दोन ओळींखाली तिसरी लिहिली. खिडकीकडे ठेवू नये.

तर असा आता मी आहे. पायात चकत्या, पोटावर तीन ओळी. सर अजूनही मला अहंकार म्हणतात. सवय जात नाही. पण आता तास सुरू करताना ते आधी मला उलटं करून मुलांना दाखवतात. मला थोडी लाज वाटते, पण चालायचंच. तुमच्याकडेही एखादं स्टूल असेल, एखादं माणूस असेल, कललेलं. त्याच्यावर बोलायला लागण्याआधी एकदा खाली वाकून बघा, एवढीच माझी विनंती. काही लिहिलेलं असतं कधी कधी.

मिस्त्री निघाला त्या दिवशीचं मात्र सांगायचं राहिलं. पेटी उचलून तो दारापर्यंत गेला, तेवढ्यात मामांनी भीत भीत विचारलं, की चहाच्या खोलीत एक स्टूल हवंय, पण तुम्ही तर स्टूल करत नाही.

मिस्त्री थांबला. पेन्सिल चाचपली.

"करीन की," म्हणाला. "पण आधी जागा दाखवा. आणि मी सांगितल्याशिवाय हलवायचं नाही."